चवळीचा वडा, सुकट आणि ब्राझीलच्या आयाबहिणी



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक औंधला माझ्या घरी झाली. तालुक्याच्या ठिकाणी बचत गटांचे खाद्यप्रदर्शन भरणार होते. तिथे आपणही एक स्टॉल घ्यावा असे ठरले. विकायचे काय, यावर चर्चा सुरू झाली. झुणका-भाकर, थालीपीठ, शेंगदाण्याची पोळी अशी नावे आली. आमच्या आत्याबाई म्हणजे सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चवळीचं वडं करा आन् संगं सुकट द्या. पोटाला आधार हुतो."

कोणी काही बोलेना. मग एक जण हळूच म्हणाली, "वडे चालतील, पण सुकट नको. वास आला की आपण कोण ते लोकांना कळतं."

ते वाक्य मला लागले. कारण मी स्वतः वीस वर्षे नोकरी करते आहे, आणि या वीस वर्षांत डब्यात सुकट एकदाही नेलेली नाही. घरी आवडीने खायची, बाहेर नाव काढायचे नाही. पहिल्या वर्षी एका सहकारी बाईने माझा डबा उघडल्याबरोबर खिडकी उघडली होती, तेवढे मला पुरले.

त्याच सुमारास मी ब्राझीलच्या वडेवाल्या बायांविषयी वाचले होते. पुढच्या बैठकीत मी ती हकीकत सांगितली. तीच आज इथे सांगते, आणि वड्याची कृतीही देते.

ब्राझील हा देश आपल्याला फार लांबचा वाटतो. पण त्याच्यावर आणि गोव्यावर एकाच पोर्तुगीज राजाचे राज्य होते. त्यांच्याच जहाजांतून काजू आपल्याकडे आला. 'काजू' हा शब्दसुद्धा ब्राझीलच्या आदिवासींच्या भाषेतला आहे. आपण ज्याची खिचडी करतो तो साबुदाणाही ज्या कंदापासून होतो, तो कंद मूळ तिकडचाच. चवळी आणि भेंडी मात्र आफ्रिकेच्या. चवळी आपल्याकडे फार प्राचीन काळी आली. ब्राझीलमध्ये चवळी-भेंडीचे पदार्थ रुजवले ते आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांनी.

अशी ४० लाखांहून अधिक माणसे त्या एका देशात नेली गेली. सगळ्या अमेरिका खंडात गुलामगिरी सर्वांत शेवटी बंद झाली ती तिथेच, १३ मे १८८८ रोजी.

बाहिया प्रांताची राजधानी साल्वादोर. तिथले मालक आपल्या गुलाम बायांना डोक्यावर पाटी देऊन रस्त्यावर विकायला पाठवत. ठरलेली रक्कम मालकाच्या हातावर ठेवायची, वर काही उरले तर ते बाईचे. अशा उरलेल्या नाण्यांतून कित्येक बायांनी वर्षानुवर्षे पैसा साठवला आणि मालकाला किंमत मोजून स्वतःची सुटका विकत घेतली. कोणी आपल्या लेकराची सुटका घेतली. त्या पाटीतला एक पदार्थ म्हणजे चवळीचा वडा. त्याला तिकडे 'अकाराजे' म्हणतात. नायजेरियाकडच्या योरुबा भाषेत या वड्याला 'अकारा' म्हणतात, आणि 'जे' म्हणजे खाणे.

मी वाणिज्य शाखेची, म्हणून माझे लक्ष हिशेबाकडे जाते. वड्यामागे काय सुटत असेल? आणि त्यातून एका माणसाची किंमत उभी करायला किती वडे तळावे लागले असतील? या हिशेबाची वही कोणी ठेवली नाही.

आजही साल्वादोरच्या चौकात पांढरे झगे आणि डोक्याला पांढरे फडके बांधून या बाया वडे तळतात. २००५ साली ब्राझील सरकारने त्यांना राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नोंद झाली ती वडे करण्या-विकण्याच्या त्या बायांच्या कामाची, नुसत्या वड्याची नव्हे. पुढे २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी मैदानाच्या आसपास बाहेरच्या विक्रेत्यांना बंदी येणार होती. या बायांनी संघटना करून आवाज उठवला आणि मैदानात वडे विकण्याची परवानगी मिळवली.

आणि या वड्यात काय भरतात? वाळवलेली कोळंबी! म्हणजे आपल्या सुकटीची थोरली बहीणच.

आता कृती. पाव किलो चवळी जात्यावर किंवा मिक्सरमध्ये जाडसर भरडावी आणि रात्रभर भिजत घालावी. सकाळी हाताने चोळून साले पाण्यावर येऊ द्यावीत आणि काढून टाकावीत. काळे डोळे शक्य तेवढे निघाले पाहिजेत, नाहीतर वडा काळपट होतो. मग अगदी थोड्या पाण्यात वाटावे. एक कांदा वाटून घालावा, मीठ घालावे आणि पीठ हाताने दहा मिनिटे चांगले फेसावे. सोडा घालू नये, फेसण्यानेच वडा हलका होतो. पिठाचा थेंब पाण्यात टाकून पाहावा, तरंगला की झाले. चमच्याने गोळे सोडून मध्यम आचेवर लालसर तळावेत. तिकडे ताडाच्या जातीच्या फळाचे लाल तेल वापरतात. ते आपल्याकडे मिळत नाही, शेंगतेल चालते. रंग तेवढा येत नाही, पण चव बिघडत नाही.

भरण्यासाठी भेंडीची भाजी करतात, तिचे तिकडचे नाव 'कारुरू'. पाव किलो भेंडी बारीक चिरावी. मूठभर सुकट तव्यावर भाजून, निवडून, दोन पाण्यांतून काढावी. तेलात कांदा, लसूण, आले परतून भेंडी व सुकट घालावी. शिजत आल्यावर तीन चमचे शेंगदाण्याचे कूट, मिरची, मीठ आणि वरून लिंबू. वडा मधोमध चिरून ही भाजी आत भरावी. ज्यांना मासळी चालत नाही त्यांनी सुकट वगळावी.

पहिल्या दिवशी माझे पीठ पातळ झाले आणि वडे तेलात पसरले. आत्याबाई म्हणाल्या, "पानी तुझ्या हातात ऱ्हाईना." दुसऱ्या दिवशी त्यांनीच पाट्यावर वाटले. तेव्हा वडे टम्म फुगले.

बैठकीत एका बहिणीने शंका काढली. "जुनं खाणं आपण सोडलंच होतं ना? मग हे कशाला धरायचं?" प्रश्न रास्त होता. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि दुसऱ्याचे उष्टे टाकायला सांगितले. आपल्या माणसांनी उपाशी राहून ते टाकले. पण ते टाकायचे होते ते त्यात लाचारी होती म्हणून. सुकट आम्ही बाजारात दाम मोजून आणतो, आमच्या चुलीवर रांधतो. यात लाचारी कुठे आली? लाचारी असेल तर ती डबा लपवण्यात आहे.

बऱ्याच चर्चेनंतर सुकट ठेवायचे ठरले. दोघी-तिघींचे मन अजून तयार नाही, त्यांच्यासाठी बिनसुकटीची भाजी वेगळी ठेवू. जबरदस्ती कोणावर नाही. पाटीवर मात्र 'चवळीचे वडे व सुकट-भेंडी' असे ठळक अक्षरांत लिहायचे, आणि खाली करणाऱ्या बायांची नावे.

प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे. विक्री किती होईल सांगता येत नाही. पण परवा सोमवारी मी डब्यात सुकट नेली. झाकण काढताना हात थोडा थरथरला. कोणी खिडकी उघडली नाही. शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीने विचारले, "मॅडम, भाकरी आहे का जास्तीची?"

अर्धी तिला दिली.