आधी पहाटेची वीज, मग मासळी



तळ्यातली मासळी सहसा भर दुपारी मरत नाही. ती मरते पहाटे, आपण घरी झोपलेलो असताना आणि शेतातली लाईन बंद असताना. शेततळ्यात मासे सोडा, जोडधंदा करा, असे सांगणारे साहेब मात्र येतात सकाळी अकराला. त्या वेळी पाणी हिरवेगार असते, मासळी खुशाल पोहत असते. साहेब फोटो काढून परत जातात.

पहाटेच का मरते? पाण्याचा हिरवा रंग म्हणजे बारीक शेवाळ. दिवसा उन्हात ते प्राणवायू तयार करते. रात्री ऊन नाही, तेव्हा तेच शेवाळ मासळीच्या ताटातला प्राणवायू खाऊ लागते. सूर्य उगवण्याआधी साठा सगळ्यात कमी असतो. त्यातून दोन-तीन दिवस आभाळ आणि वारा पडलेला असला, की संपलेच. 30 अंश तापलेल्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. तो तीनच्या खाली उतरला की मासळी वर येऊन तोंड वासते.

आता आपल्या कोरडवाहू तळ्याचा हिशेब मांडू. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. त्यातले मोठे तळे 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल. उतार धरून त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. हे तळे खोदले कशासाठी? पाऊस दगा देईल तेव्हा कापसाला आणि ज्वारीला एक पाणी देण्यासाठी. दोन इंचाचे एक पाणी एकराला दोन लाख लिटर लागते. पाच एकर भिजवले की दहा लाख लिटर गेले, तळे निम्म्यावर आले. इकडे जुलैत सोडलेल्या बोटुकल्या तोवर पावशेर-अर्धा किलोच्या झाल्या. पाणी निम्मे आणि खाणारी तोंडे मोठी. हा हिशेब योजनेच्या कोणत्या कागदावर मांडला आहे?

त्यावर उत्तर तयार असते : एरेटर बसवा, अनुदान आहे. बसवू. पण चालवायचा कशावर? आमच्या भागात शेतीची वीज कुठे दिवसा आठ तास, कुठे आठवड्याच्या पाळीने रात्री. दिवसा वीज द्या ही मागणी आपलीच आणि ती रास्तच आहे. रात्री साप-विंचवात पाणी द्यायची हौस कोणाला नाही. पण मासळीला दिवसा यंत्र नको, पहाटे हवे. सौर पंपही रात्री झोपतो आणि बॅटरीचा खर्च तळ्याच्या उत्पन्नात बसत नाही. 2024 साली साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली. 2025 साली राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. दर्जा दिला, दर दिला. वेळ कोण देणार? फुकटची वीज पहाटे तीनला तारेत नसेल, तर ती मेलेल्या मासळीच्या काय कामाची?

आमच्यातल्या एकाने हे सोसले आहे. श्रावणात तीन दिवस झड होती. चौथ्या दिवशी उजाडता तळ्यावर गेलो तर पांढरी पोटे वर. एरेटर नवा कोरा, दोरीला बांधलेला, जागच्या जागी उभा. विकणाऱ्याने यंत्र कसे जोडायचे ते दाखवले होते. विजेची वेळ विचारली नव्हती. खरे सांगायचे तर आम्हीही विचारली नव्हती.

म्हणून आमचे सांगणे : यंत्र शेवटी घ्या, हिशेब आधी करा. नऊ गुंठ्यांच्या तळ्यात कटला, रोहू, मृगळ मिळून चारशे-पाचशे बोटुकल्या सोडल्या, तर बहुतेक रात्री यंत्राशिवाय निघतात. दोन हजार सोडा म्हणणाऱ्याला आधी पहाटेची वीज दाखवायला सांगा. कोपरापर्यंत हात पाण्यात घाला. तळवा दिसेनासा झाला तर शेण आणि खाद्य बंद करा. आभाळ असेल त्या दिवशीही खाद्य नको. पिकाला पाणी देण्याआधी मोठी मासळी काढून विका. डिझेल इंजिन असेल तर तळ्याचेच पाणी उचलून भोके पाडलेल्या पाइपातून तळ्यावरच फवारा. विहिरीचे पाणीही तसेच उडवून सोडा, कारण त्यात प्राणवायू कमी असतो. तळाशी हवा सोडणारे यंत्र घेतलेच, तर पहिल्या दिवशी थोडाच वेळ चालवा. तळाचे सडके पाणी एकदम वर आले तर तेच मासळी मारते.

एवढे आपण करू. पण सरकारनेही आपला हिशेब द्यावा. तळ्यातल्या सगळ्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम प्राणवायू वाढवायला सव्वादोन किलो प्राणवायू लागतो. एका हॉर्सपॉवरचा एरेटर चार तास चालला तर एवढे काम होते आणि वीज जळते तीन-चार युनिट. अनुदान वाटण्यापेक्षा हे स्वस्त आहे. म्हणून जिल्हा बैठकीत आमचा ठराव एकच राहील : दिवसाचा पुरवठा आहे तसा ठेवून, मासळी असलेल्या शेततळ्यांना पहाटे दोन ते सहा सिंगल फेज वीज द्यावी आणि ती मिळेपर्यंत एरेटरच्या योजनांचे गोडवे गाऊ नयेत.

बैठकीला येताना आपल्या लाईनचे वेळापत्रक लिहून आणा. वीज किती वाजता आली, किती वाजता गेली, पंधरा दिवसांचे. साहेबांसमोर भाषण नको, तो कागद ठेवू.