बट्सच्या शेतावरचे विमान

दोस्तांनो, तुमची ताई किंवा दादा एन.सी.सी.च्या हवाई शाखेत असेल, तर एरोमॉडेलिंग म्हणजे काय ते त्यांना जरूर विचारा. हाताने बनवलेली छोटी विमाने मोकळ्या मैदानावर न्यायची, उडवायची, आपटली की घरी आणून पुन्हा चिकटवायची! या छंदाने वेडी झालेली मंडळी जगभर आहेत. अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातल्या अशाच एका टोळीची ही गोष्ट.

टोळीचे म्होरके होते मेनार्ड हिल. धातूंचे शास्त्रज्ञ. मॉडेल विमानांचे कितीतरी जागतिक विक्रम त्यांच्या नावावर होते. पण सत्तरी उलटल्यावर त्यांच्या मनाने घेतले की, आपले विमान अटलांटिक महासागर ओलांडून न्यायचे! तोपर्यंत त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, ऐकूही फारच कमी येई. मग मित्र मदतीला आले. कुणी इलेक्ट्रॉनिक्स सांभाळले, कुणी उड्डाणे. चाचण्यांसाठी बट्स नावाच्या गृहस्थांनी आपले शेत दिले.

आता खरी गंमत ऐका. विक्रमासाठीचा नियम असा, की इंधनासकट विमानाचे वजन पाच किलोच्या आत हवे. म्हणजे तुमच्या दप्तराएवढेच! (काहींचे दप्तर याहून जड असते, ते आईबाबांना विचारा.) इंधन कमी भरले तर विमान मध्येच समुद्रात पडणार. जास्त भरले तर वजन नियमाबाहेर जाणार. म्हणून बाल्सासारखे हलके लाकूड वापरून रिकामे विमान पावणेतीन किलोंच्या आत बसवले आणि उरलेल्या वजनात इंधन भरले. इंजिन होते फक्त दहा सीसीचे. आपल्या साध्या मोटारसायकलचे इंजिन शंभर सीसीचे असते, म्हणजे बघा! ते थेंबाथेंबाने इंधन पिईल, असे हिल यांनी करून घेतले. वाट दाखवायला उपग्रहांच्या मदतीने चालणारा स्वयंचलित चालक बसवला.

२००२ साली कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरून प्रयत्न झाले, ते सगळे फसले. महिनोन्‌महिने खपून केलेले विमान डोळ्यांदेखत निघून जाते आणि परत येत नाही, तेव्हा कसे वाटत असेल? मंडळी घरी गेली आणि पुन्हा कामाला लागली.

९ ऑगस्ट २००३ च्या संध्याकाळी केप स्पिअर इथे हिल यांनी नवे विमान स्वतःच्या हातांनी हवेत फेकले. आपण कागदाचे फेकतो ना, तसेच! नाव होते 'स्पिरिट ऑफ बट्स फार्म'. १९२७ साली लिंडबर्गने 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' या विमानातून एकट्याने अटलांटिक पार केला होता, त्याची ही आठवण. सहकाऱ्याने रेडिओने विमान वर चढवले, स्वयंचलित चालक सुरू केला आणि ते दिसेनासे झाले.

त्यानंतर हाताशी काहीच नव्हते. उपग्रहामार्फत विमानाचा ठावठिकाणा कळे, तेवढाच आधार. मधेच काही काळ तोही येईनासा झाला. सगळ्यांचे चेहरे पडले. गेले बहुतेक हेही! पण संदेश पुन्हा आला आणि विमान आपल्या मार्गावर होते.

तिकडे आयर्लंडच्या मॅनिन किनाऱ्यावर माणसे आकाशाकडे डोळे लावून बसली होती. जागाही अशी, की अल्कॉक आणि ब्राउन यांनी १९१९ साली पहिल्यांदा न थांबता अटलांटिक ओलांडला, ते इथून जवळच उतरले होते. ११ तारखेच्या दुपारी ढगांकडून एक ठिपका आला. डेव्ह ब्राउन यांनी रेडिओवर ताबा घेऊन विमान अलगद गवतावर टेकवले. ३८ तास ५२ मिनिटे, सुमारे ३,०३० किलोमीटर! श्रीनगरहून सरळ रेषेत कन्याकुमारीला गेलात, तरी एवढे अंतर होत नाही.

लगेच फोन गेला पलीकडे, हिल आजोबांना. टाकीत तेव्हा अगदी थोडेसे इंधन शिल्लक होते.