आमवात की आमवातिक ज्वर?

विश्रांतवाडीसारख्या दाट वस्तीच्या उपनगरात, घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजलेले मूल वैद्याकडे येते, तेव्हा ‘आमवात’ हे निदान सहज ओठांवर येते. लंघन, दीपन, स्वेदन यांचे मोल आम्ही जाणतोच. परंतु हा आमवातिक ज्वर असल्यास सांधे बरे होतात आणि हृदयाची झडप मात्र बिघडत जाते.

याच पुण्याच्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिनसाठी. हे औषध जिवाणूस स्वतःची भित्तिका बांधू देत नाही; मानवी पेशीला ती भित्तिकाच नसते. घशातील स्ट्रेप्टोकॉकस आजही त्यापुढे नमतो. बेंझाथिन पेनिसिलिनची सुई मात्र दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावी लागते. ती दुखते. मग पालक विचारतात, “वैद्यराज, आता बंद केली तर चालेल ना?” आमच्यापैकी काहीजण होकार देतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

पूर्वी या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या काय, हे अवश्य विचारावे. आपली चिकित्सा जोडीने चालवावी. सुई थांबवण्याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांवर सोडावा आणि मुलास प्रतिध्वनी-तपासणीसाठी त्याच आठवड्यात पाठवावे.