जमा आणि नांवें

शिकागोच्या मांस-कारखान्यांतील मजुरांचे हाल अप्टन सिंक्लेअर ह्यांनीं १९०६ सालीं कादंबरीच्या द्वारें जगापुढें मांडले. त्याच वर्षीं तेथें मांसतपासणीचा कायदा झाला. पण त्यानें ग्राहकाच्या ताटाची काळजी घेतली, मजुराच्या हातांची नव्हे.

हा दोष केवळ दूरदेशींचाच नाहीं. आपल्या आर्वीच्या परिसरांत कापूस पिकतो आणि जिनांत त्याची सरकी निराळी होते. रुई स्वच्छ आहे कीं नाहीं, हें व्यापारी बारकाईनें पाहतो. परंतु रेच्यापाशीं राबणाऱ्या बाईच्या छातींत किती धूळ गेली, हें कोण पाहतो? १८८१ च्या पहिल्या कारखाने-कायद्यानें चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळले होते. ते कायद्याच्या कक्षेंत यावयास १९११ साल उजाडलें.

“मजूर ठेकेदाराचे, आमचे नव्हेत,” असें म्हणून मालकाची सुटका होतां कामा नये. ज्याच्या वहींत नफा जमा होतो, त्याच्याच वहींत मजुराची इजाही नांवें पडली पाहिजे. तुमच्यांपैकीं कोणी उद्यां कारखानदार होईल, कोणी मुनीम. वही लिहितांना ही बाजू कोरी ठेवूं नका.