कपड्यातली माया

वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत ‘कपाटात हवेतच असे दहा कपडे’ या धर्तीचे लेख नेमाने येतात, आणि साहित्याच्या प्रांतात वावरणारी मंडळी ते पान तितक्याच नेमाने उलटून टाकतात. कपड्यांविषयी बोलणे हे उथळपणाचे लक्षण, अशी आपल्या वर्तुळात एक न बोललेली समजूत आहे. आमचे मत थोडे निराळे आहे. मोजके, अंगाला नीट बसणारे आणि अनेक प्रसंगी चालणारे कपडे कसे जमवावेत, हा प्रश्न गंभीरपणे विचारात घ्यावा असाच आहे. पुरवण्यांतील लेख त्याला भलत्या टोकाने हात घालतात, ही गोष्ट खरी. पण म्हणून प्रश्नच टाकून देणे आपल्याला, विशेषतः अध्यापकांना, शोभत नाही. तसे का वाटते, ते येथे मांडावयाचे आहे.

आरंभ आपल्याच अभ्यासक्रमातून करता येईल. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याचा ‘औचित्यविचारचर्चा’ हा ग्रंथ आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेपुरता तरी चाळलेला असतो. काव्याचे प्राणतत्त्व म्हणून औचित्याची स्थापना करताना क्षेमेंद्राने जो दृष्टान्त घेतला आहे, तो वेशभूषेचा आहे. कमरेची मेखला गळ्यात घातली, गळ्यातला हार कमरेला बांधला, पायांतली नूपुरे हातांत चढवली, तर माणूस हास्यास्पद होईल, असे तो सांगतो. यात मेखला कुरूप आहे किंवा हार हिणकस आहे, असे त्याचे म्हणणे नाही. दोष असलाच तर तो स्थानाचा आहे. एखादा कपडा मुळात चांगला की वाईट, हा प्रश्न या दृष्टीने निरर्थक ठरतो. तो कोणाच्या अंगावर आहे, कोठे घातला आहे आणि कोणत्या कामासाठी, एवढेच विचारता येते. मराठी भाषेलाही हे ठाऊक आहे. कपडा अंगावर ‘बसतो’ असे आपण म्हणतो आणि शब्दही वाक्यात चपखल ‘बसतो’.

पुरवण्यांतील सल्ला नेमका हा संबंधविचार गाळून टाकतो. रोलाँ बार्थने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फॅशनची व्यवस्था’ या ग्रंथासाठी जून १९५८ ते जून १९५९ या वर्षातील फ्रेंच फॅशन मासिके अभ्यासली होती. त्याने कपडे तपासले नाहीत. कपड्यांविषयी लिहिलेली वाक्ये तपासली. कापडाला स्वतःहून नसलेले अर्थ ही वाक्ये त्याला चिकटवतात आणि ते अर्थ निसर्गनियमासारखे भासवतात, हे त्याने दाखवून दिले. ‘पांढरा शर्ट हवाच’ या वाक्यातील ‘च’ हे अव्यय त्या दृष्टीने वाचून पाहावे. शर्ट कोणाला हवा, पांढराच का, तो धुणार कोण आणि कोणत्या पाण्यात, यांपैकी कशाचेही उत्तर त्या वाक्यात नसते. असते ती केवळ आज्ञा.

वास्तविक मूळ कल्पना वाईट नव्हती. एकमेकांशी जुळणाऱ्या थोड्या कपड्यांचा संच असावा, हा विचार १९७० च्या दशकात लंडनमध्ये सूझी फॉ या दुकानदार स्त्रीने रूढ केला, आणि १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये डोना कॅरन हिने सात कपड्यांचा संच काढून तो लोकप्रिय केला. थंड हवेच्या शहरांतल्या, कार्यालयांत अधिकारपदे मिळवू लागलेल्या स्त्रियांची ती गरज होती. त्यांच्या कामाचे आणि हवामानाचे माप घेऊन ती यादी बेतलेली होती. आपल्याकडे आली ती बेतण्याची रीत नव्हे, बेतलेली यादी. म्हणून वैशाखात चंद्रपूरच्या किंवा जळगावच्या महाविद्यालयात, जेथे वर्गातला पंखाही धड फिरत नाही, तेथे शिकवणाऱ्या प्राध्यापिकेलाही काळे ब्लेझर ‘हवेच’ ठरते. क्षेमेंद्राची गळ्यातली मेखला ती हीच.

यादीपाठोपाठ येतो तो मापाचा प्रश्न, आणि तो अधिक बोचरा आहे. तयार कपड्यांवर जो आकडा किंवा अक्षर असते, ते कोठून आले? अमेरिकेच्या कृषिखात्याने १९३९-४० साली सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली आणि १९४१ मध्ये त्यांचा अहवाल काढला. त्यात केवळ गौरवर्णीय स्त्रियांचीच मापे धरली होती. या मापांच्या आधाराने १९५८ साली तेथे प्रमाण आकार ठरले. ते व्यवहारात टिकले नाहीत आणि १९८३ मध्ये अधिकृतपणे मागे घेण्यात आले. आपल्या देशात तर राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांतील २५,००० लोकांची मापे घेण्याचा प्रकल्प जाहीर केला तोच २०१८ च्या सुमारास. तोवर आपले उत्पादक मुख्यतः परदेशी तक्त्यांत फेरफार करून काम भागवीत आले. थोडक्यात, दुकानातला ‘मीडियम’ हा कोणा एका माणसाचा देह नाही. ती एक सरासरी आहे, आणि तीही बव्हंशी परक्यांची.

हे ठाऊक नसले म्हणजे काय होते? कपडे घालून पाहण्याच्या त्या अरुंद खोलीत आरशासमोर उभी असलेली मुलगी, शर्ट खांद्यावर ओघळतो आणि कमरेवर ताणला जातो हे पाहून, दोष शर्टाला न देता स्वतःच्या शरीराला देते. सल्ल्याचे लेख तिच्या या समजुतीवर शिक्कामोर्तब करतात. तुमचा देह सफरचंदासारखा आहे की पेअरच्या फळासारखा, ते ओळखा आणि उणिवा झाका, असे ते सांगतात. देहाला ‘उणीव’ म्हणावयाचे तर पूर्ण देह कोणता, हे आधी कोणीतरी ठरवलेले असावे लागते. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबावयास हवे. निकष कोठून आला हे न विचारता केलेले मूल्यमापन आपण समीक्षेत खपवून घेत नाही. मग आरशासमोर तरी का घ्यावे?

आपल्या शिवणकामाच्या बोलीत एक शब्द आहे, आणि आमच्या मते या विषयाचे सारे मर्म त्यात आहे. कपडा शिवताना टिपेच्या आत जे जादा कापड शिंपी राखून ठेवतो, त्याला ‘माया’ म्हणतात. मूल वाढेल, माणूस अंगाने भरेल, बाळंतपणानंतर पोलके घट्ट होईल, हे गृहीत धरून ती माया सोडलेली असते. वेळ आली की टीप उसवायची, माया मोकळी करायची आणि पुन्हा टीप मारायची. देह बदलतो आणि बदलत्या देहाच्या मागे कपड्याने जायचे असते, ही जाण त्या अर्ध्या-पाऊण इंचात असते. कारखान्यात लाखो नग निघतात तेव्हा नगामागे वाचलेले चिंधीभर कापडही हिशेबात येते. साहजिकच तयार कपड्यात माया जेमतेम उरते. अशा वेळी कपड्याच्या मागे देहाला जावे लागते.

यातून काही व्यवहार्य गोष्टी निघतात. विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या रोकड्या भाषेत सांगतो. तयार कपडा घेताना प्रथम खांदा पाहावा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी यावी. ती दंडावर उतरत असेल तर कपडा परत ठेवावा, कारण खांदा आणि मुंडा दुरुस्त करणे म्हणजे जवळजवळ नवा कपडा शिवणे होय. उलटपक्षी उंची, बाहीची लांबी, बाजूंचा घेर आणि पँटची कंबर या गोष्टी कोपऱ्यावरचा शिंपी थोडक्यात नीट करून देतो. तेव्हा खांद्याला बसणारा, इतरत्र किंचित सैल असा कपडा घ्यावा आणि उरलेले काम शिंप्यावर सोपवावे. आतली शिवण उलटून माया किती आहे ते पाहावे. सुती कापड शिवावयास टाकण्यापूर्वी पाण्यातून काढावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात माप बिघडते. हात वर करून फळ्यावर लिहिता येते का, एसटीत तीन तास बसल्यावर कंबर काचत नाही ना, या आपल्या पेशाच्या कसोट्या आहेत. त्या दुकानातच लावून पाहाव्यात.

संख्येविषयीही थोडा हिशेब करावा. खालचे तीन आणि वरचे चार कपडे परस्परांशी जुळणारे असतील, तर बारा जोड होतात. सहा दिवसांच्या आठवड्याला दोन आठवडे पुरतात. परंतु त्या तिनांपैकी एक खालचा कपडा वरच्या एकाच कपड्याशी जुळणारा निघाला, की बाराचे नऊच उरतात. विक्रीत स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला नाजूक रंगाचा कपडा महाग पडतो तो असा. बहुउपयोगी कपडा म्हणजे दर वेळी निराळा दिसणारा कपडा नव्हे. इतरांच्या सोबतीने नांदणारा कपडा. नवीन कपड्याच्या किमतीतला थोडा भाग दुरुस्तीसाठी आधीच बाजूला ठेवला, तर निम्म्या किमतीचा शर्टही दुप्पट किमतीच्या न बसणाऱ्या शर्टापेक्षा नेटका दिसतो.

साडीचा उल्लेख केल्याविना हा विचार अपुरा राहील. साडीला आकडा नसतो. नऊवारी असो की सहावारी, तेच कापड सासूला आणि सुनेला, उंचीला आणि ठेंगणीला चालते. माप नेसण्यात असते. जुन्या काळी मराठी स्त्रियांनी बालगंधर्वांच्या रंगभूमीवरील वेशभूषेचे अनुकरण केले, हे सर्वश्रुत आहे. रंगमंचावर एका पुरुषाच्या अंगावर शोभलेले ते नेसणे घराघरांतल्या निरनिराळ्या देहांना पेलवले, कारण साडी ही जणू सारी मायाच आहे. आम्ही साडीचा आग्रह धरीत नाही. दुचाकीवरून महाविद्यालयात येणाऱ्या तरुण अध्यापिकेला सलवार-कमीज अधिक सोयीची असेल, तर औचित्य तेथे आहे. ज्या संस्था आजही अध्यापिकांवर साडीची सक्ती करू पाहतात, त्यांनी क्षेमेंद्र पुन्हा वाचावा.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. आपला समाज कपड्यांवरून माणसाची जात, गाव आणि ऐपत जोखत आला. मग कपड्यांना महत्त्व देऊन आपण त्याच जोखण्याला बळ देत नाही काय? या आक्षेपाचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभास जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. देशाचे खरे प्रतिनिधित्व कोण करतो, ते त्या वेशाने सांगितले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सूट हा आपला सार्वजनिक वेश केला, आणि ज्यांच्या अंगावर धड वस्त्र असू नये अशीच व्यवस्था होती, त्यांच्यासाठी त्या सुटाचा अर्थ आजही जिवंत आहे. दोघांच्या निवडी परस्परविरुद्ध दिसतात, पण वस्त्र वाचले जाते याचे भान दोघांनाही सारखेच होते. ‘कपड्यांनी काय होते?’ असे म्हणण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

आणि ती चैन आजही सर्वांना परवडत नाही. तालुक्याच्या गावातून आलेला, घरात पहिल्यांदाच पदव्युत्तर पदवी घेणारा विद्यार्थी नेट-सेट होऊन मुलाखतीस जातो. उसना, खांद्यावरून उतरलेला कोट घालून तो समितीपुढे अवघडून बसतो. नीट इस्त्री केलेला, मापाचा साधा शर्ट पुरेसा होता, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ज्यांच्या घरात हे ज्ञान पिढीजात असते, त्यांना ते कधी शिकावे लागत नाही. म्हणूनच त्यांना ते क्षुद्र वाटते. समितीने माणसाला कपड्यांवरून जोखू नये, हे आम्ही शंभर वेळा म्हणू. पण ती सुधारणा होईपर्यंत या विद्यार्थ्याला अज्ञानात ठेवणे हा न्याय नव्हे. पाठ्यक्रमातील ग्रंथांची यादी आपण देतो, संशोधन-निबंध कसा बांधावा हे सांगतो, त्याच सहजपणे मुलाखतीला जाताना खांदा कोठे बसावा आणि उंची किती असावी, हे अध्यापकांनी सांगावे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना तर या हिशेबाची गरज सर्वांत जास्त आहे, कारण त्यांच्याजवळ चुकीच्या खरेदीला जागा नसते.

संत नामदेवांना आपण शिंपी म्हणूनच ओळखतो; मराठी साहित्याला कात्री-सुई परकी नाही. गावोगावचे शिंपी आता नवे शिवण्यापेक्षा दुरुस्तीवरच तगून आहेत. आपल्या महाविद्यालयाच्या रस्त्यावर असा एखादा बसत असेल, तर त्याची विद्यार्थ्यांशी गाठ घालून द्यावी. दहा कपड्यांच्या यादीपेक्षा त्याचा पत्ता अधिक उपयोगी पडेल.