पंढरपूरचा माणूस दुखानच्या वाटेवर

दुखानहून दोह्याला निघालात की शहर सुरू व्हायच्या आधी एज्युकेशन सिटी लागते. आपण दुखानकर आठवड्यातून एकदा तरी तिच्यावरून जातो. किराणा, दाताचा डॉक्टर, विमानतळ, मंडळाच्या नाटकाची तालीम, सगळ्या वाटा तिथूनच. वाचकहो, त्यांतल्या एखाद्या फेरीत गाडी आत वळवलीत का कधी? मुलांच्या प्रवेशाची चौकशी सोडून?

वळवायला कारण आहे. जॉर्जटाउन, कार्नेगी मेलन, व्हर्जिनिया कॉमनवेल्थची कलाशाळा अशा विद्यापीठांच्या त्या आवारात मकबूल फिदा हुसेन यांचं स्वतंत्र संग्रहालय आहे. नाव 'लौह व कलम'. (लौह म्हणजे आपलं लोखंड नव्हे, अरबीत फलक, पाटी.) २८ नोव्हेंबर २०२५ला ते उघडलं. हुसेननी २००८मध्ये स्वतः काढलेल्या रेखाटनावरून मार्तंड खोसला यांनी इमारत घडवली. जवळच 'मतहाफ' हे आधुनिक अरब कलेचं संग्रहालय आहे, २०१०च्या डिसेंबरात एका जुन्या शाळेच्या इमारतीत सुरू झालेलं. तिथे २०१९मध्ये, कतार-भारत सांस्कृतिक वर्षात, हुसेन यांचं मोठं प्रदर्शन झालं. ते मांडलं होतं मुंबईच्या रणजित होस्कोटे यांनी. माझ्या ओळखीतल्या बहुतेक मराठी माणसांना ते होऊन गेलं याचाही पत्ता नाही.

त्याच वर्षी आपण पुण्याहून कुणाला बोलावलं होतं, ते मात्र सगळ्यांना आठवतं.

माझं भांडण त्या पुण्याच्या पाहुण्यांशी नाही. हसावं माणसानं. भांडण आहे ते आपल्या समजुतीशी: संस्कृती म्हणजे विमानातून मागवायची, दोन तासांत वाढायची आणि मग जेवणाच्या रांगेत उभं राहायचं. जी आधीच इथे येऊन राहिली आहे, तिच्याकडे आपण ढुंकून बघत नाही.

आणि हा माणूस परका तरी कुठे? १९१५ साली पंढरपूरला जन्मलेला. दीड वर्षाचा असताना आई गेली. तिचा चेहरा आठवत नाही, म्हणून माझ्या चित्रांतल्या बायकांना चेहरे नाहीत, असं ते सांगत. इंदूरला वाढले, मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलं. १९६४मध्ये मुक्तिबोध गेले तेव्हापासून पायताण सोडलं, असंही त्यांनीच सांगितलेलं. मुक्तिबोध, म्हणजे मराठी घरातले हिंदी कवी. इतके धागे आपल्या अंगणातून गेलेले असताना आपल्या स्नेहसंमेलनांत हुसेनचं नाव निघालं की लोक पाण्याचा ग्लास शोधायला उठतात.

का उठतात ते सगळ्यांना माहीत आहे, तर बोलूनच टाकू.

पहिला आक्षेप देवीदेवतांच्या चित्रांचा. ती चित्रं आवडली नाहीत, दुखावलो, असं म्हणायचा हक्क कुणाचाही. पण दिल्ली उच्च न्यायालयाने ८ मे २००८ला ते खटले रद्द केले, हेही माहीत असू द्या. गटावर जे फिरतं ते मोबाइलच्या पडद्यावरचं, कडा कापलेलं चित्र असतं. त्यावरून माणसाबद्दल मत बनवणारे आपणच, ऑफिसात मूळ आराखडा पाहिल्याशिवाय सही करत नाही. इथे भिंतीवर मूळ चित्रं आहेत, शेखा मोझा यांच्या सांगण्यावरून काढलेल्या अरब संस्कृतीच्या मालिकेतली. ९९ चित्रांचा बेत होता. मृत्यूपूर्वी पस्तीसेक झाली. जा, त्यांच्यासमोर उभे राहा आणि मग हवं तेवढं भांडा. विद्यापीठाच्या आवारातलं संग्रहालय असतंच त्यासाठी. तिथली पोरं चित्रापुढे मांडी घालून वाद घालतात. आपल्याकडे वाद होतो तो अध्यक्षपदावरून.

दुसरा आक्षेप मला जास्त झोंबतो: 'त्यांनी देश सोडला.' वाचकहो, हे वाक्य कोण बोलतंय? दुखानमध्ये बसून तुम्ही आणि मी? आपल्या भाच्याला कॅनडाचा पासपोर्ट मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. मुलगी अमेरिकेची नागरिक झाली तर शपथविधीचे फोटो गटावर येतात, खाली फुलांचे गुच्छ. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे त्यांनीही भारतीय पासपोर्ट परतच केला. मग ९४ वर्षांच्या म्हाताऱ्याने, घरावर हल्ला झाल्यावर, खटल्यांच्या ओझ्याखाली २००६पासून बाहेर राहून, २०१०मध्ये दोह्यात तोच पासपोर्ट परत केला, तर तेवढाच देशद्रोह कसा? आपण पगारासाठी आलो. त्यांना चित्र काढायला जागा हवी होती. कतार काही अभिव्यक्तीची पंढरी नव्हे, हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. त्यापुढे मी लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या. पण जागा मिळाली ती इथे, आणि २०११च्या जूनमध्ये ते गेले ते लंडनला. पंढरपूरला परतणं झालं नाही.

तिसरा आक्षेप अगदी साधा, 'आम्हाला चित्रातलं कळत नाही.' यात तथ्य आहे, आणि उपायही. आपल्या घराजवळच, झेक्रीतच्या पलीकडच्या वाळवंटात, रिचर्ड सेराने २०१४मध्ये पोलादाचे चार प्रचंड पत्रे उभे केले, किलोमीटरभराहून जास्त अंतरात. जमीन खालीवर, पण चारही पत्र्यांचे माथे एका पातळीत. 'या पत्र्यांत काय बघायचं' म्हणत आपण तिथे जातोच, डबे खातो, सावलीत बसतो. दोन-चार वेळा गेल्यावर आमच्याच एका सर्व्हेवाल्याने माथ्यांची ती गंमत सगळ्यांना दाखवली. कुणीतरी मराठीत दाखवायला लागतं, इतकंच. हुसेनकडे तर तेवढंही नको. 'सीरू फि अल अर्द' या त्यांच्या शेवटच्या कलाकृतीत मुरानोच्या काचेचे घोडे आहेत, जुन्या मोटारी आहेत, सगळं यंत्रावर हलतं. मुलं कंटाळली तर मला सांगा.

तेव्हा मागणी अशी. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी तिकडच्या कलाकारांच्या तारखा घ्यायला कार्यकारिणी लवकरच बसेल. त्या बैठकीत एक शनिवार संग्रहालयासाठी काढून ठेवा. जाहिरात किंवा इंटिरियरच्या धंद्यातला, कलाशाळेत शिकलेला एखादा मराठी माणूस आपल्यात सापडेलच. त्याला तासभर मराठीत बोलायला सांगा, आणि पाहुण्याला देतो तो नारळ आणि शाल त्यालाही द्या. संग्रहालयाला रीतसर पत्र लिहून गटभेटीची वेळ मागा. ज्यांना निषेध करायचा आहे त्यांनीही यावं, बसमध्ये त्यांना पुढची जागा. दुखानहून बस भरायची जबाबदारी माझी.