टाके निघाल्यावर सुरू होणारा आजार

उसाचा हंगाम सुरू झाला की माळशिरस तालुक्यात रात्रंदिवस ट्रॉल्यांची वर्दळ असते. अकलूज-सदाशिवनगरच्या कारखान्यांकडे निघालेल्या ट्रॉलीला मागचा दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने बुजलेला असतो आणि मागून एखादी दुचाकी विनाहेल्मेट सुसाट येते. नातेपुते-माळशिरस-वेळापूर हा पालखी मार्ग रुंद झाल्यावर वेगही वाढला. 2022 साली देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण अपघातांत दगावले, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. डोक्याला मार लागूनही जे वाचले, त्यांचे घरी पुढे काय झाले, हे मात्र त्यात नाही.

घरी काय होते, ते शेजाऱ्यांना दिसत असते. टाके निघतात, सिटीस्कॅन ‘नॉर्मल’ येतो, पाहुणे सफरचंदे ठेवून जातात. मग महिन्याभरात कुजबुज सुरू होते. एरवी शांत असलेला गडी पोरांवर खेकसू लागतो. कुकरची शिट्टी नको, वरातीतला डीजे तर नकोच. रात्रीची झोप उडते, बायकोवर उगाच संशय येतो. आठवडी बाजारात उभे असताना भोवतालचे सगळे खोटे, पडद्यावर चालल्यासारखे वाटते. हे सांगितले तर लोक वेडा म्हणतील, म्हणून तो गप्प बसतो. घरच्यांचे निदान तयारच असते: नाटक करतोय, नाहीतर बाहेरचे लागलेय.

यात कुटुंबाची चूक कमी, काहीही न सांगता घरी पाठवणाऱ्या व्यवस्थेची जास्त.

सिटीस्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाडाचा तडा दिसतो. मेंदूतले ताणले गेलेले सूक्ष्म तंतू बहुधा दिसत नाहीत. धक्क्यात कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा मेंदू कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासतो. राग आवरणे, लक्ष लावणे, आठवण ठेवणे ही कामे बरीचशी तिथलीच. म्हणजे चिडचिड हाही जखमेचाच भाग. मार सौम्य असेल तर बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत ओसरतो. पण हे आधी कुणी सांगितलेले नसले, तर भीतीनेच तो दुप्पट वाटतो.

अमेरिकेतल्या फिनिअस गेजची गोष्ट वैद्यकाच्या वर्गात हमखास निघते. 13 सप्टेंबर 1848 रोजी रेल्वेमार्गावर सुरुंग ठासताना मीटरभर लांबीची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. तो वाचला, पण ‘हा पूर्वीचा गेज नव्हे’ असे ओळखीचे म्हणू लागले आणि मुकादमाची नोकरी त्याला परत मिळाली नाही. गोष्ट बहुधा इथेच थांबवतात. पुढे त्याने चिलीत अनेक वर्षे घोडागाडी हाकली. ठरलेला रस्ता, ठरलेल्या वेळा, रोजची तीच कामे यांनी तो बराच सावरला असावा, असे अलीकडच्या अभ्यासकांना वाटते.

माळशिरसच्या घरात हेच करता येते. झोपण्या-उठण्याची वेळ ठरवावी, एका वेळी एकच काम द्यावे, विसरायचे ते वहीत लिहावे, दारू पूर्ण बंद. ट्रॅक्टर किंवा गाडी डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच हाती द्यावी. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, फिट किंवा गुंगी आली तर मात्र रात्र काढू नये. म्हाताऱ्या माणसांबाबत जास्तच सावध राहावे. मोरीत घसरलेले आजोबा तीन आठवड्यांनी असंबद्ध बोलू लागले, तर त्याला म्हातारचळ म्हणून सोडू नये. कवटीखाली हळूहळू साकळलेले रक्त असू शकते, आणि ते शस्त्रक्रियेने काढता येते.

अंगात आलेले काढतो म्हणून कुणाला दोराने बांधणे, मारणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याऐवजी 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलले, तर त्याला एकटे ठेवू नये.

पण फोनवर सगळे भागणार नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी तालुक्याच्या ठिकाणी या रुग्णांसाठी ठरावीक वार ठेवावा. डिस्चार्जच्या कागदाला एक मराठी पान जोडावे: काय बदल दिसू शकतील, कधी धावत यायचे, पुढची तारीख कोणती. या नोंदींचा उपयोग अपघात दावा न्यायाधिकरणातही होतो. भरपाई ठरवताना अपंगत्वाच्या टक्केवारीवर न थांबता कमाईची क्षमता किती घटली ते पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितले आहे. हातपाय धड असलेल्या माणसाला हिशेब जमत नाही आणि गोंगाटात काम होत नाही, हे तिथे कागदानेच सिद्ध करावे लागते.